मुठीची लिपि

श्रोतेहो, रेडिओवरून बोलणाऱ्याला एक गोष्ट कधींच करतां येत नाहीं, ती म्हणजे हात उचलून दाखविणें. आणि माझ्या आजच्या विषयाला नेमकी तीच हवी आहे. मुष्टियुद्ध, म्हणजे ज्याला आपण बॉक्सिंग म्हणतों तें, कागदावर कसें लिहावें, त्यांतील हालचालींसाठीं व शिक्षणासाठीं एखादी लिपि करतां येईल काय, आणि आमच्या लोकांनीं ह्या दिशेनें कोठवर मजल मारली, हा तो विषय आहे. ठोसा मारून न दाखवितां ठोशाविषयीं बोलावयाचें ही आज माझी अडचण आहे. पण ज्याला ही विद्या गुरूवांचून, केवळ कागदावरून घ्यावयाची असते, त्याचीहि अडचण हीच. ती मीं लहानपणीं स्वतःच्या अंगावर घेतलेली असल्यामुळें तेथूनच आरंभ करतों.

माझें बाळपण पालीस गेलें. एका अंगाला सरसगडाचा कातळ, दुसऱ्या अंगाला अंबा नदी आणि मध्यें बल्लाळेश्वराचें देऊळ, असें हें गांव अष्टविनायकांच्या यात्रेकरूंना ठाऊक आहे. यात्रेकरू देऊळ पाहतात, चिमाजी आप्पांच्या वसईच्या स्वारींतली म्हणून सांगतात ती घंटा पाहतात, आणि पुढच्या गणपतीला निघून जातात. आम्हां कांहीं मुलांचें दैवत त्या दिवसांत दुसरेंच होतें. आमच्या नात्यांतल्या एका घरीं बडोद्याच्या 'व्यायाम ज्ञानकोशा'चा एक सुटा खंड होता. त्याचा पुठ्ठा गेला होता, पण आंतलीं चित्रें शाबूत होतीं. माझा मावसभाऊ आणि मी यांनीं त्यांतील कुस्तीच्या एका डावाचीं तीन चित्रें निवडलीं. पहिल्या चित्रांत दोन मल्ल एकमेकांच्या मानेवर हात टाकून उभे. दुसऱ्यांत एकाचा पाय दुसऱ्याच्या पायांत अडकलेला आणि कंबर वळलेली. तिसऱ्यांत एकजण पाठीवर पडून आकाश पाहत आहे. पहिलें चित्र आम्हांला जमलें. तिसरेंहि जमलें, कारण पडणें कोणालाहि जमतें. दुसऱ्या चित्राप्रमाणें उभें राहणेंहि, एकमेकांना आधार देऊन, आम्हीं कसेंबसें जमविलें. जमलें नाहीं तें पहिल्यांतून दुसऱ्यांत जाणें. संध्याकाळपर्यंत मावसभावाचें मनगट मुरगळलें. अंगणांत आमची ही शोभा पाहत बसलेले तालमींतले एक वृद्ध वस्ताद उठतां उठतां म्हणाले, "पोरांनो, तुम्ही ठिकाणं पाहिलीत, वाट पाहिली नाहीत."

ह्या वाक्यांतला श्लेष त्यांच्या मनांत होता कीं नाहीं कोण जाणे. वाट म्हणजे एका स्थितींतून दुसरींत जाण्याचा मार्ग. आणि वाट पाहणें म्हणजे योग्य क्षण येईपर्यंत थांबणें. अंगाच्या विद्येची लिपि करूं पाहणाऱ्याला ज्या गोष्टी साधाव्या लागतात त्यांतल्या दोन ह्या एका शब्दांत आल्या: मार्ग आणि काळ. तिसरी राहिली ती समोरच्या माणसाचें उत्तर. मुष्टियुद्ध एकट्यानें होत नाहीं. ह्या तीन मापांनीं आजवरचे प्रयत्न मोजून पाहण्याचा माझा विचार आहे.

सर्वांत जुना प्रयत्न नांवें ठेवण्याचा आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें इसवी सन ११३० च्या सुमारास 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. हें कल्याण मुंबईजवळचें नव्हे. आजच्या बीदर जिल्ह्यांतलें बसवकल्याण तें हें. ग्रंथाचे अध्याय शंभर, आणि विषय राज्यकारभारापासून स्वयंपाकापर्यंत सर्व. त्यांत मल्लविनोद नांवाचें प्रकरण आहे, आणि त्या प्रकरणांत मल्लांच्या मेहनतीचे प्रकार नांवनिशीवार दिले आहेत. भारश्रम म्हणजे वजनाची मेहनत, भ्रमणश्रम म्हणजे चालण्याफिरण्याची, सलिलश्रम म्हणजे पाण्यांतली, बाहुपेल्लणक म्हणजे बाहूंनीं रेटारेटी करण्याची, आणि स्तंभश्रम म्हणजे खांबावरची. ह्या शेवटच्या नांवांत आपल्या मल्लखांबाचें मूळ अनेक अभ्यासक पाहतात. जवळ जवळ नऊशें वर्षांपूर्वीं एका राजानें तालमीच्या दिनक्रमाचें असें टाचण करून ठेवावें ही गोष्ट लहान नाहीं. तथापि खांबाला पहिला हात कोणता घालावा हें त्या शब्दांतून निघत नाहीं.

दुसरा ग्रंथ 'मल्लपुराण'. गुजरातेंत ज्येष्ठीमल्ल नांवाची, मल्लविद्येवर उपजीविका करणारी एक ज्ञाति होती. तिचें हें पुराण. श्रीकृष्णानें सोमेश्वर नांवाच्या ब्राह्मणाला ही विद्या दिली अशी त्यांतली कथा आहे. वरच्या राजाचें आणि ह्या ब्राह्मणाचें नांव एकच, हा योगायोग समजावा. भो. ज. सांडेसरा व र. ना. मेहता यांनीं संपादिलेलें हें पुराण बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिरानें १९६४ सालीं छापून प्रसिद्ध केलें. आखाड्याची माती कशी सिद्ध करावी, मल्लांचे प्रकार किती, कोणत्या ऋतूंत कोणतें अन्न घ्यावें, मेहनत व पेच कोणकोणते, ह्या सर्वांची गणना त्यांत आहे. आहाराविषयीं तर तें इतकें नेमकें बोलतें कीं आजच्या एखाद्या शिक्षकानेंहि वाचावें. पण पेचांची पाळी आली कीं पुन्हां नांवेंच हातीं येतात.

नांव हें पदराच्या गांठीसारखें असतें. जिनें ती मारली तिला ती कशाची हें बरोबर आठवतें. दुसऱ्याच्या हातीं ती नुसती गांठ. आमच्या तालमींत ढाक, कलाजंग, मोळी, धोबीपछाड, एकेरी पट, दुहेरी पट असे शब्द रोज कानीं पडतात. वस्तादानें हौद्याच्या कांठावरून "ढाक!" एवढें म्हटलें कीं शिष्याचें सारें अंग वळतें, कारण ती वाट त्याच्या अंगांत अगोदरच उतरलेली असते. तरी एक गोष्ट ह्या परिभाषेच्या बाजूनें सांगितली पाहिजे. तालीम डाव शिकविते तेव्हां त्याची तोडहि शिकविते. म्हणजे समोरच्याचें उत्तर हें शिक्षणाचेंच अंग आहे, ही जाण आमच्या लोकांना होती. फक्त ती कागदावर उतरली नाहीं.

ह्या ज्येष्ठीमल्लांचा आजच्या विषयाशीं आणखी जवळचा संबंध आहे. त्यांची खास विद्या वज्रमुष्टि. मुठीवर शिंगाचें किंवा तशाच कठीण पदार्थाचें टोंकदार आयुध बांधून केलेलें हें द्वंद्व बडोद्याच्या गायकवाडांच्या दरबारीं मोठ्या हौसेनें पाहिलें जाई. खंडेराव महाराजांच्या कारकीर्दींत, म्हणजे १८५६ ते १८७० ह्या काळांत, लुई रूसेले नांवाचा फ्रेंच प्रवासी बडोद्यास राहिला होता. १८७५ सालीं पॅरिसला निघालेल्या त्याच्या प्रवासग्रंथांत ह्या लढतींचें वर्णन आहे. वाचतांना अंगावर कांटा येतो. रक्त दिसतें, जखमा दिसतात, प्रेक्षकांत बसलेला राजा दिसतो. ज्याला ती विद्या जाणून घ्यावयाची आहे त्याला मात्र पहिलें पाऊल कोणतें, मूठ खांद्यापासून निघे कीं कंबरेपासून, एक वार चुकविल्यावर दुसरा किती अवकाशानें येई, ह्यांतलें कांहींच दिसत नाहीं. पाहणारा परका होता आणि लढणारा लिहीत नव्हता. पुढें बडोद्याच्या दरबारांतून हा खेळ नाहींसा झाला. ज्यांत माणसें मरत असा खेळ गेला ह्याचें मला दुःख नाहीं. पण त्या मुठींत साठलेलें शेंकडों वर्षांचें ज्ञानहि तिच्याबरोबर गेलें ही रुखरुख राहते. म्हैसूरच्या राजवाड्यांत विजयादशमीला जेट्टी मल्लांची वज्रमुष्टि अजून होते. पहिला रक्ताचा थेंब दिसतांच ती थांबवितात, त्यामुळें बहुधा ती कांहीं क्षणांत संपते. तेथें ती टिकली ती घराण्यांमुळें, ग्रंथामुळें नव्हे.

विसाव्या शतकांत आमच्याकडे ह्या कामाला निराळें वळण लागलें. औंधचे अधिपति भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधि यांनीं सूर्यनमस्काराचा ध्यास घेतला हें सर्वश्रुत आहे. माझ्या दृष्टीनें त्यांचें खरें कौशल्य त्या व्यायामाला अंक देण्यांत आहे. एका नमस्काराच्या त्यांनीं दहा स्थिति ठरविल्या आणि त्यांशीं श्वासाचें घेणें, धरणें, सोडणें बांधून दिलें. मंत्राचा उच्चारहि नेमून दिला. १९३८ सालीं लुइझ मॉर्गन ह्या बाईनें हीच पद्धति इंग्रजींत संपादून लंडनच्या वाचकांपुढें ठेवली, तेव्हां त्या पुस्तकाच्या नांवांतहि दहाचा आंकडाच ठळक केला. आंकडा समुद्र ओलांडून जातो, नांव ओलांडीत नाहीं. शिवाय श्वास हें येथें काळाचें माप झालें, म्हणजे वस्तादांच्या 'वाट पाहण्या'ची कांहीं सोय झाली. उणीव एकच, आणि ती पंतप्रतिनिधींची नव्हे: सूर्य उलट ठोसा मारीत नाहीं. नमस्कार घालणाऱ्याला पुढचा अंक कोणता हें नेहमींच ठाऊक असतें.

बडोद्यांत ह्याच सुमारास दोन मोठीं कामें चाललीं होतीं. एक दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांचें. १९१५ पासून 'व्यायाम' मासिक चालविणाऱ्या ह्या गृहस्थांनीं १९३६ ते १९४९ ह्या अवधींत व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड मराठींत काढले, आणि १९५० सालीं त्याचें सार इंग्रजींत एका जाड ग्रंथांत दिलें. महायुद्धाच्या ऐन कागदटंचाईंतून हें काम पार पडलें हें लक्षांत घेतलें म्हणजे मावसभावाच्या मनगटाचा राग मला केव्हांच सोडून द्यावा लागला. छायाचित्राचा दोष संपादकाच्या माथीं मारतां येत नाहीं. छायाचित्र हें थांबलेल्या अंगाचेंच असतें. पावलांमधली वाट वाचकानें आपल्या पदरची घालावयाची असते.

दुसरें काम जुम्मादादा व्यायाममंदिराचे प्रोफेसर माणिकराव यांचें. संघव्यायामासाठीं इंग्रजी हुकुमांच्या जागीं त्यांनीं देशी भाषेंतल्या आज्ञा बसविल्या. हें काम स्वभाषेच्या अभिमानाचें म्हणून वाखाणलें जातें, आणि तें तसें होतेंच. पण मला त्यांत लिपीचें बीज दिसतें. शाळेंत कवाईत केलेल्या प्रत्येकाला अनुभव आहे कीं आज्ञेचा पहिला भाग अंगाला जागें करतो आणि दुसरा तें हलवितो. दोहोंच्या मधला जो अवकाश तो आज्ञेचा प्राण. म्हणजे येथें हालचालीला उच्चार मिळाला, आणि त्या उच्चाराच्या पोटांत काळ होता. शंभर मुलें एका शब्दासरशीं वळतात तेव्हां तो शब्द नुसतें नांव राहत नाहीं.

आतां क्षणभर विलायतेकडे वळूं, कारण आजचें मुष्टियुद्ध तिकडून आलें. डॅनियल मेंडोझा हा अठराव्या शतकांतला नामांकित मुष्टियोद्धा. १७८९ सालीं त्यानें आपल्या विद्येवर एक लहानसें पुस्तक काढलें. त्यांतले पाठ गुरूनें काय करावें आणि शिष्यानें त्याला काय उत्तर द्यावें अशा जोडीजोडीनें मांडले आहेत. डाव आणि तोड हीच ही कल्पना, पण कागदावर उतरलेली. पुढें १८६७ सालीं क्वीन्सबरीच्या सरदाराच्या नांवानें जे नियम प्रसिद्ध झाले त्यांनीं हातमोजे आणले, हें सर्वांना ठाऊक असतें. त्यांनीं काळहि आणला, हें फारसें कोणी बोलत नाहीं. तीन मिनिटांचा एक राउंड, मध्यें एक मिनिट विसांवा, पडलेल्याला उठण्यासाठीं दहा सेकंद. तोंवर एकजण कोसळेपर्यंत चाललेला झगडा आतां आवर्तनांत बसला. मुंबईंत गोऱ्या पलटणींतून आणि शाळांतून हा खेळ पसरला, १९२५ सालीं इलाख्याची हौशी मुष्टियुद्ध संघटना झाली, आणि १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला भारताचे मुष्टियोद्धे गेले. पण शिकविण्याची तऱ्हा तालमीचीच राहिली: वस्ताद सांगेल आणि शिष्य करील.

आवर्तन हा शब्द मीं मुद्दाम वापरला. अंगाची विद्या लिहिण्याचा पेच आमच्याकडे सुटला नाहीं असें म्हणतां म्हणतां मला थांबावें लागतें, कारण गळ्याच्या विद्येचा तोच पेच एका मराठी वकिलानें सोडविला होता. विष्णु नारायण भातखंडे यांचा जन्म १८६० सालीं वाळकेश्वरीं झाला. बडोद्यास मौलाबक्षांनीं त्यांच्या आधीं स्वरलिपि चालविली होती. विष्णु दिगंबर पलुसकर यांनींहि आपली निराळी लिपि केली होती. पण भातखंड्यांची रीति टिकली ती तिच्या साधेपणामुळें. कोमल स्वराखालीं आडवी रेघ, तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ, खर्जाच्या स्वराखालीं टिंब, तार स्वराच्या माथ्यावर टिंब. एका मात्रेंत दोन-तीन स्वर बसवावयाचे तर त्यांच्या खालीं कंस. समेला फुली आणि खालीला शून्य. मोजून आठ-दहा खुणा. त्यांच्या जोरावर त्यांनीं घराण्याघराण्यांतून मिळविलेल्या शेंकडों चिजा क्रमिक पुस्तकमालिकेच्या सहा भागांत छापून टाकल्या. मींड, गमक, खटका कागदावर कोठें येतो, असा आक्षेप तेव्हांहि निघाला आणि तो खोटा नव्हता. परंतु ज्या चिजा लिहिल्या गेल्या नाहींत त्यांतल्या कित्येक गवयांबरोबर गेल्या, हेंहि खोटें नाहीं.

आणि स्वरांहूनहि मुठीला जवळची अशी एक लिपि आमच्या घरांत आहे, ती तबल्याची. विचार करा, तबला म्हणजे काय? चामड्यावर हातांनीं केलेले आघात. उजव्या हाताचा एक आघात 'ना', डाव्याचा एक 'गे', दोन्ही एकदम पडले कीं 'धा'. आणि जलद बोटांचे 'तिरकिट'. कोणता हात, कोठें, किती दाबून, हें सारें एका अक्षरांत सांठविलें आहे. तें अक्षर तोंडानें म्हणतां येतें, कागदावर लिहितां येतें, आणि मात्रेंत बसवितां येतें. तबल्याचा विद्यार्थी बोल आधीं तोंडानें म्हणतो आणि मग हात टाकतो. आघात, अक्षर आणि काळ यांची अशी सांगड ज्या समाजानें घातली, त्यानें मुठीची लिपि करूं नये, हें मला अजून कोडें वाटतें. बहुधा दिवाणखाना आणि तालीम ह्यांच्या मध्यें जी भिंत होती ती फार जाड असावी.

अमेरिकेंत ह्या गोष्टीचा पत्ता एका शिक्षकाला लागला, तोहि तबल्याचें नांव न ऐकतां. कस डीअमाटो हा न्यूयॉर्कचा. त्यानें ठोशांना आंकडे दिले होते. १९६५ सालीं त्याचा शिष्य होजे टोरेस हा विली पास्ट्रानोशीं जगज्जेतेपदासाठीं लढणार होता, तेव्हां त्यानें गाद्या गुंडाळलेला एक पुतळा उभा केला, त्यावर माणसाची आकृति काढून जागोजाग आंकडे घातले, आणि प्रतिस्पर्ध्याचें नांव देऊन त्याला विली म्हटलें. मग आंकड्यांच्या मालिका ध्वनिफितीवर स्वतःच्या आवाजांत भरल्या. फीत आंकडे म्हणे आणि टोरेस त्या बरहुकूम ठोसे मारी. ती लढत टोरेसनें जिंकली. पुढें माइक टायसनहि त्याच रीतीनें तयार झाला. येथें बोल आहे, काळ आहे, सारें आहे. तरी ही लिपि एका आखाड्याबाहेर सहसा गेली नाहीं, कारण आंकड्याला स्वतःचा अर्थ नसतो. पुष्कळ ठिकाणीं डाव्या हाताच्या सरळ ठोशाला एकचा आंकडा आहे. डीअमाटोच्या रीतींत तोच ठोसा सातवा.

ज्यानें हें सर्व शास्त्र म्हणून मांडलें तो रुडॉल्फ लाबान. त्याची नृत्यलिपि १९२८ सालीं प्रसिद्ध झाली. ती खालून वर वाचावयाची. मध्यें उभी रेघ, तिच्या डावीकडे शरीराची डावी बाजू व उजवीकडे उजवी. चिन्हाच्या आकारावरून दिशा कळते, त्यांतल्या छटेवरून उंची, आणि चिन्ह जितकें लांब तितका हालचालीचा काळ. मार्ग आणि काळ हीं दोन्ही मापें येथें पुरीं होतात. तिच्यांत कोणतीहि हालचाल लिहितां येते. पण ती शिकावयालाच वर्षें लागतात, आणि घामानें ओल्या झालेल्या हातांनीं ती वाचणार कोण?

आज खिशांत चलच्चित्र बाळगणारी पिढी मला विचारते कीं लिपि हवी कशाला, चित्रफीत पाहिली कीं झालें. ह्याला उत्तर भातखंड्यांच्याच चरित्रांत आहे. हिंदुस्थानांत गाण्याच्या ध्वनिमुद्रिका १९०२ पासून निघूं लागल्या होत्या; त्या घरोघर वाजत असतांना त्यांनीं आपलीं पुस्तकें छापलीं. मुद्रिका अमुक बुवा अमुक दिवशीं काय गाइले तें सांगते. काय गावयाचें आहे तें चीज सांगते. ठोशांच्या बाबतींतहि झालेली लढत पाहणें निराळें आणि उद्यां सकाळीं काय करावयाचें हें लिहून ठेवणें निराळें.

आतां शेवटीं थोडें घरचें. गेल्या वर्षीं पालीचा एक तरुण माझ्याकडे आला. मुंबईंत चार वर्षें मुष्टियुद्ध शिकून तो गांवीं परतला आहे. शिक्षक मुंबईंत, सराव पालींत. शिक्षकानें सांगितलेलें विसरूं नये म्हणून कांहीं युक्ति सांगा, म्हणाला. मीं त्याच्या हातीं बाराखडी दिली. 'त' डाव्या हाताचा, 'ध' उजव्या हाताचा. सरळ ठोशाला काना, कारण काना सरळच असतो: ता, धा. बाजूनें वळून येणाऱ्याला वेलांटी: ती, धी. खालून वर जाणाऱ्याला उकार, तोहि अक्षराच्या खालूनच लागतो: तू, धू. व्यंजन सांगतें हात कोणता, स्वर सांगतो वाट कोणती. उजव्या हाताचा खालून येणारा ठोसा 'धू' व्हावा ह्याला आम्ही दोघेहि मनापासून हंसलों. मराठी भाषेनें तें आधींच ठरवून ठेवलें होतें. डोक्याऐवजीं पोटावर मारावयाचा असेल तर अक्षराखालीं खर्जाचें टिंब. थांबण्याला अवग्रह. दोन ठोसे एका मात्रेंत असतील तर खालीं कंस. मात्रा सेकंदाची धरली तर तीन मिनिटांच्या राउंडच्या होतात एकशें ऐंशी मात्रा, म्हणजे एकतालाचीं बरोबर पंधरा आवर्तनें. हा हिशेब जुळला तेव्हां झालेला आनंद मी लपवीत नाहीं.

समोरच्यासाठीं खालीं दुसरी ओळ घातली. तीन महिन्यांत त्याची वही भरत आली, आणि जुनें पान उघडून तो तोच पाठ पुन्हां करूं लागला. मग त्यानें आळींतल्या एका मुलाला ती वही वाचावयास दिली. मुलाचे हात जसे लिहिले तसे पडले. पण पाय जागच्या जागीं खिळून राहिले, आणि 'धी' म्हणतांच तो भेलकांडला. आम्हीं पाय लिहिलेच नव्हते! तेव्हां मीं लाबानची लिपि पुन्हां काढून पाहिली. तिच्यांत मध्यरेघेला अगदीं लागून जे रकाने आहेत ते शरीराचा भार कोणत्या पायावर आहे ह्याचे; हात त्यांच्या बाहेर, मागाहून. आम्हीं उलटें केलें होतें. आतां वहींत पायांची ओळ सर्वांत वर आली आहे.

आणखी एक दुरुस्ति त्या तरुणानें आपण होऊन केली. समेवर ठोसा ठेवण्याची संवय लागली कीं समोरच्याला तें लवकर उमगतें, म्हणून त्यानें कित्येक आवर्तनांत समेच्या जागीं अवग्रह घातला. गवयाला न पटणारी गोष्ट, पण मुष्टियोद्ध्याला प्राणापलीकडची. लढत ह्या लिपींत लिहितां येणार नाहीं, हें त्याला माझ्याआधीं कळलें होतें. तिच्यांत लिहावयाची ती तालीम. पायांची ओळ आणि हातांची ओळ तो शाईनें लिहितो. तिसरी, समोरच्याच्या उत्तराची, मात्र पेन्सिलीनें लिहितो, कारण दर आठवड्याला ती खोडावी लागते.